पौर्णिमेची सुई

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
१२ ऑक्टोबर १९८५

भागे,

माझा जय भीम आणि तुला तुझा राम राम. लग्नाला चार महिने होत आले आणि हे पहिलं पत्र. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मग पुढं वाच.

इथं सगळं बरं आहे. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात हातपंप. हे अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. सासूबाई, म्हणजे गयाबाई, एकट्या दहा जणांना भारी. पहाटे उठून बुद्धवंदना अशा खणखणीत म्हणतात की गल्लीत कुणाला घड्याळ लागत नाही. लिहिता-वाचता येत नाही, पण सगळं तोंडपाठ. जीव लावतात गं मला. म्हणून तर जास्त भीती वाटते.

आपली सुई बंद आहे. लग्नाआधी घेतली ती शेवटची. इथं कुणाला काही माहीत नाही, यांनासुद्धा नाही. तुला ठाऊकच आहे, आधी दोन ठिकाणी आम्ही खरं सांगितलं होतं. लहानपणी वाताचा ताप आला, हृदयाच्या झडपेला थोडं लागलंय, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीन घ्यावं लागतं. दोन्हीकडचे चहा पिऊन गेले ते गेलेच. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, तोंड उघडशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मग मी गप्प बसले.

परवा कपडे वाळत घालताना तुझी फार आठवण आली. उल्हासनगरच्या दवाखान्यातून निघालो की तुझी आई पुढं आणि आपण दोघी मागं, एका बाजूला कलून चालायचो. रस्त्यावरची पोरं हसायची, आणि तू आणखी वाकडी चालून दाखवायचीस. मग सिंधी काकाच्या गाडीवर दाल-पकवान. तो विचारायचा, "आज फिर सुई?" आणि डाळ वाढून द्यायचा. तेव्हा मला वाटायचं, कधी एकदा हे शनिवार संपतील. आता वाटतं, पुन्हा एक तरी मिळावा.

बरं, ऐक. मी एक युक्ती केली आहे. सासूबाईंना सांगितलं, लहानपणापासून दर पौर्णिमेला मी विठ्ठलवाडीच्या आमच्या विहारात वंदनेला बसते, तो नेम मोडवत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं! म्हणाल्या, जा बाई, दर पौर्णिमेला जा. येत्या पौर्णिमेला मी दवाखान्यात येते. तीन आठवड्यांचा महिना होईल, पण अजिबात नाही त्यापेक्षा बरं ना? तू येशील?

तुझी,
गौतमी

—

पालेगाव, अंबरनाथ
१९ ऑक्टोबर १९८५

अगं लबाडे,

पौर्णिमा! डोकं तुझं की कुणाचं उसनं आणलंस? मी वहिनीसमोरच हसत सुटले. ती म्हणाली, काय झालं? म्हटलं, गौतमी लई धार्मिक झालीय.

येईन म्हणजे काय, सकाळीच येऊन तुझा नंबर धरून ठेवते. तुला तिथं उभं राहायला नको, आणि परत जायला उशीरही नको.

मला नोकरी लागली. उल्हासनगरात कॅम्प चारला एका डॉक्टरांची लॅबोरेटरी आहे, तिथं. काचपट्ट्या धुवायच्या आणि त्यांना रंग द्यायचा. गंमत सांगू? मी आपला वैरी पाहिला! डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमध्ये दाखवला. घशातला चिकट पदार्थ काचेवर घ्यायचा, जांभळा रंग टाकायचा, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं. काही जंतू रंग सोडतात, ते मग दुसऱ्या रंगानं गुलाबी दिसतात. पण काही असे हट्टी की स्पिरिट ओतलं तरी जांभळे ते जांभळेच. त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात. आपला त्यातलाच, स्ट्रेप्टोकॉकस. एकाला एक चिकटून बसलेले बारीक मणी. इतका नाजूक दिसतो मेला! ह्यानंच लहानपणी आपले गुडघे टम्म सुजवले, ह्यानंच आपल्याला शाळेतून काढलं. मला तर राग यायचाही राहून गेला.

तू विचारायच्या आत सांगते, माझी सुई बंद आहे. आई गेल्यापासून मी तिथं स्वतःसाठी उभी राहिले नाही. रघुदादाला सांगितलं तर तो म्हणेल, आता काय झालं, धडधाकट तर आहेस. आणि खरंच आहे. माझ्यासाठी नाही, पण तुझ्यासाठी उभी राहीन.

भागी

—

हेंद्रेपाडा
३ मार्च १९८६

भागे,

मागच्या पौर्णिमेला तू माझ्या घशात कापसाची काडी घातलीस, त्याची ओकारी मला अजून आठवते. रांगेतली माणसं बघत होती. एवढं काय, घसाच दुखत होता. आता थांबलाय.

इकडं माझी पंचाईत झाली आहे. सासूबाई इथल्या विहारात सगळ्या बायकांना सांगत सुटल्या आहेत, माझी सून पौर्णिमा चुकवत नाही. बायका मला पुढं बसवतात, पंचशील म्हणायला लावतात. "मुसावादा वेरमणी" म्हणताना, म्हणजे खोटं बोलणार नाही असं म्हणताना, माझा आवाज बसतो. त्यांना वाटतं, लाजतेय.

त्या मला दर वेळी मेणबत्त्या आणि पांढरी फुलं देतात, विठ्ठलवाडीच्या विहारात वाहायला. तू बघतेसच, मी ती इंजेक्शनवाल्या सिस्टरला देऊन टाकते. पण मागल्या पौर्णिमेला त्यांनी काय दिलं माहितीय? बुद्धमूर्तीखाली घालायला पांढरं कापड, निळ्या दोऱ्यानं काठ काढलेलं. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी महिनाभर शिवत होत्या. ते घेऊन मी विहारात जाणार होते, खरंच जाणार होते. पण रांगेत उशीर झाला, बस चुकली असती. तू औषध आणायला गेली होतीस तेव्हा मी तेही सिस्टरच्या हातात दिलं. आणि बसमध्ये रडत आले.

तुझी पत्रं आली की सासूबाई म्हणतात, मोठ्यानं वाच. मी पालेगावच्या म्हशी आणि रघुदादाची पोरं वाचते, बाकीचं गिळते. म्हणून काही लिहायला घाबरू नकोस.

गुडघा थोडा धरतो. पंप हापसला की धाप लागते. थंडीमुळं असेल. तुझं काय गं? तूही घे की सुई.

गौतमी

—

पालेगाव
१० मार्च १९८६

गौतमी,

माझं सोड. हे नीट वाच, आणि मोठ्यानं वाचू नकोस.

तुझ्या घशात तोच निघाला. रक्त घातलेल्या काचेच्या बशीवर डॉक्टरांनी वाढवून बघितला. जिथं जिथं तो उगवला तिथं भोवती रक्त विरघळून गोल गोल स्वच्छ जागा पडली. मी रंग दिला, मीच बघितला. तुझा, माझ्या गौतमीचा.

मी डॉक्टरांना विचारलं, सुई घेते की ती, मग कसा आला? ते म्हणाले, महिन्यानं घेते ना? ते औषध तीन आठवडे नीट राखण करतं, चौथ्या आठवड्यात अंगात पुरेसं उरत नाही. दार उघडं. पुन्हा ताप आला तर झडप आणखी खराब होईल. आणि हिला दिवस गेले तर सुईशिवाय एक दिवस जाता कामा नये, म्हणाले.

म्हणजे तुझी पौर्णिमा पुरत नाही, बाई. आपण दोघी शहाण्या आनंदात होतो, पौर्णिमा पौर्णिमा करत. सुदामभाऊजींना सांग. निदान नवऱ्याला तरी.

भागी

—

पालेगाव
२८ जून १९८६

गौतमी,

वैशाखातली पौर्णिमा गेली, ज्येष्ठातली गेली. दोन्ही वेळा मी तुझा नंबर धरून बसले. सिस्टर विचारते, तुम्हारी फूलवाली किधर है?

शेवटी विठ्ठलवाडीला तुझ्या आईकडं गेले. जनाबाई आनंदात होत्या. म्हणाल्या, गौतमीला दिवस गेलेत, पहिलटकरीण आहे, सासू गाडीत बसू देत नाही. माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो तसाच खाली ठेवला आणि म्हटलं, काकू, अहो तिची सुई! तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. शेजारीण ऐकेल म्हणून.

मला फार भीती वाटते. तुला सांगायला जमत नसेल तर मी येते आणि सांगते. मग तू जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. पण तू पाहिजेस.

भागी

—

हेंद्रेपाडा
२३ जुलै १९८६

भागे,

तू इथं घरी सांगायला आली नाहीस ते बरं झालं, आणि आली असतीस तर जास्त बरं झालं असतं. सगळं उघडं पडलं. परवाच्या आषाढी पौर्णिमेला.

तुझं पत्र आल्यावर मी हट्ट धरला, ही वर्षावासाची पौर्णिमा, पावसाळ्याचं वाचन सुरू होतं, मला जाऊच द्या. रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, उशी भिंतीला लावून बसायचे. यांना सांगायचे, पित्त झालंय. सासूबाई म्हणाल्या, "एवढी ओढ हाय तर चल, मी बी येते. तुजा इहार बघते, माजं कापड कसं दिसतंय ते बघते." रात्रभर विचार केला, ताप आला म्हणू, पाय मुरगळला म्हणू. पण सुई पाहिजे होती गं. पोटातलं हललं होतं नुकतंच.

विठ्ठलवाडीच्या विहारात गेलो. बायकांनी सासूबाईंना जागा दिली, मग माझ्याकडं बघून विचारलं, ही कोण? विहाराची झाडलोट करणारे हरिचंद्रबाबा पुढं आले. डोळे बारीक करून म्हणाले, "अरे, ही भगवानची पोर! कवापासनं दिसली नाहीस गं. लग्न झालं आणि विहाराला विसरलीस!" सासूबाई मूर्तीकडं बघत होत्या. मूर्तीखाली साधं पिवळं कापड होतं.

वंदना झाली. सगळी. त्या एक शब्द चुकल्या नाहीत. बाहेर चपला घालताना त्यांनी विचारलं, "जात कुठं व्हतीस?" रागानं नाही, अगदी हळू. म्हटलं, चला, दाखवते.

दवाखान्यात तू आमचा नंबर धरून उभी होतीस, तेवढं तू पाहिलंस. पण तुला आत येऊ दिलं नाही, म्हणून आतलं सांगते. इंजेक्शनच्या खोलीत टेबलावर, उकळलेल्या सुयांच्या ट्रेखाली, त्यांचं कापड होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, निळा काठ पुढं घेतलेला. सासूबाई तिथंच थांबल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. सिस्टर म्हणाली, "अम्माजी, आपने बनाया? रोज अपने हाथ से धोती हूँ. इस पर सब बच्चों की सुई रखती हूँ." मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, रडत. ताप, झडप, आईची शपथ, पौर्णिमा, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग सिस्टरला म्हणाल्या, "घाल बाई हिला सुई."

मग डॉक्टरांनी तपासलं. झडप आणखी आकसली आहे. मीठ बंद, पंप बंद, गोळ्या चालू, आणि सुई तीन आठवड्यांनी म्हणजे तीन आठवड्यांनी.

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. यांना सांगितलं असणार, हे पण गप्प आहेत. सासूबाई ताटात भाजी वाढतात, बिनमिठाची वेगळी करून. पण बोलत नाहीत. मी ट्रंक भरून ठेवली आहे, भागे. आईकडं पाठवतील असं वाटतं. आजार लपवून दिलेली पोर, ती पण खोटारडी. माझ्या बाळाचं काय होईल?

गौतमी

—

पालेगाव
२६ जुलै १९८६

गौतमी,

ट्रंक रिकामी कर. नाहीतर ती घेऊन सरळ पालेगावला ये, वहिनीला मी बघून घेते. दोन ओळी लिही, कशा का असेनात.

भागी

—

हेंद्रेपाडा
४ ऑगस्ट १९८६

भागे,

ट्रंक रिकामी केली. मी नाही, सासूबाईंनी केली.

काल इथल्या विहारात वर्षावासाचं वाचन होतं. मी जात नव्हते, त्यांनी हाताला धरून नेलं. वाचन संपलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "माजी सून पौर्णिमेला वंदनेला जात नव्हती. दवाखान्यात जात व्हती. तिच्या काळजाला आजार हाय, ल्हानपनापासनं. तिनं लपवलं, कारन आपन बाया असल्या हाव की लपवावं लागतं. आता मीच तिला नेनार, दर तीन आठवड्यानं. कुनाला काय बोलायचं असंल तर आत्ता माज्या तोंडावर बोला."

मग माझा हात धरून त्या चपला घालायला निघाल्या.

घरी आल्यावर मी पाया पडायला वाकले तर अशा ओरडल्या! "वाकू नको, धाप लागंल!" मग खाली बसल्या आणि चांगलं बोलून घेतलं मला. "बाबासाहेबांनी आपले देव सोडवले, नवससायास सोडवले, ते कशापायी? डाक्टरकडं जायाला पौर्निमा कशाला लागती गं? आजारानं मला काय बी वाटलं न्हाई. पर माज्या पाठीमागं वरीसभर तू एकटीच मरत व्हतीस, त्याचा राग हाय मला." आणि मग त्या रडायला लागल्या. मी पण. हे शिफ्टवरून आले, आम्हा दोघींना बघितलं आणि चहा ठेवला.

पुढल्या शनिवारी येतो, सासू-सून. नंबर धर.

तुझी
गौतमी

—

हेंद्रेपाडा
९ फेब्रुवारी १९८७

भागीरथी पोरी,

मी गयाबाई. गौतमी लिवतीया, मी सांगतीया. (भागे, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही असा हुकूम आहे. लिहून झालं की शेजारच्या पोराकडून वाचून घेणार आहेत. माझ्यावर विश्वास नाही!)

तुला कळलंच आसंल, पोरगी झाली. नाक बापाचं, आवाज माजा. गौतमीला लई तरास झाला. दोन दिवस नाकाला आक्सिजनची नळी. डाक्टर म्हनले, वेळेवर आनत गेलात म्हनून वाचली. मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून व्हते आन् माज्या तोंडातनं वंदना बी निघंना. (हे मला आजच कळतंय.)

आता तुजं. गौतमी खाटेवर व्हती, तवा सुईचा शनिवार आला. मी रांगंकडं गेले, सिस्टरला सांगाया की ती आत भरती हाय, सुई तितंच दिली. म्हनलं, तू तितं आसशीलच. दर बारी आमच्या आदी आसतीस. तू नव्हतीस. म्या सिस्टरला इचारलं, आमची दुसरी पोर कुटं हाय? तिचा बी हाच आजार ना? ती म्हनली, वो तो दूसरे के लिए लाइन लगाती है, खुद कभी नहीं लेती.

मी तितंच खाली बसले. एवढे महिने तुज्या हातातनं नंबर घ्येतला. येकदा बी इचारलं न्हाई, पोरी, तुजा नंबर कंचा? माज्या सुनंच्या घशातला जंतू तू बगितलास. तुज्या घशात कोन बगतंय? (भागे, मी विचारलं होतं एकदा. तू म्हणालीस, माझं सोड. आणि मी सोडलं.)

तुजी आय न्हाई, म्हाईत हाय. ठमाबाई तुमाला दोगींला न्यायची, गौतमी सांगती. ती गेली म्हनून तू बी जायाचं सोडलंस, आसं कसं चालंल गं?

येत्या शनवारी मी नातीला हितं आजीपनानं सांबाळत बसनार न्हाई. तिचा बाप सांबाळंल. मी येनार. गौतमीचा येक आन् तुजा येक, दोन नंबर मी धरते. तू न्हाई आलीस तर पालेगावात येऊन तुज्या भावाच्या दारात बसंन, आन् माजा आवाज तुला ठावं हाय.

गयाबाई

—

पालेगाव
१३ फेब्रुवारी १९८७

आई,

तुमचं पत्र वहिनीसमोर मोठ्यानं वाचलं. काही गिळलं नाही. रघुदादा ऐकत होता, तो उठून बाहेर गेला, आणि आत येऊन म्हणाला, शनिवारी मी सोडतो तुला सायकलवर.

मी सगळ्यांना सांगत होते, मला वेळ मिळत नाही. वेळ होता. रांग पुढं सरकली की मागून पाठीवर हात लागायचा आईचा, चल म्हणून. तो लागत नव्हता, म्हणून मला जाववत नव्हतं.

कुठल्या खिडकीला उभं राहायचं ते मला ठाऊक आहे. नंबर मीच धरीन, तुम्ही थंडीत लवकर निघू नका.

तुम्ही फक्त या.

भागीरथी